एका प्रेक्षकाचे पुरस्कार, नियमांसकट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वर्ष सरलं की ‘उत्कृष्ट दहा’च्या याद्यांना ऊत येतो. यादी कुणीही करावी, पण ती करण्याआधी नियम ठरवावेत. नाहीतर जो चित्रपट डिसेंबरात पाहिला तोच वर्षातला सर्वोत्तम ठरतो. २०२५ची माझी यादी खाली देत आहे. ती पटली नाही तरी हरकत नाही, नियम मात्र वाचकांनी वापरून पाहावेत.

पहिला घोळ वर्षाचाच. राष्ट्रीय पुरस्कार सेन्सॉर प्रमाणपत्राच्या तारखेवर चालतात आणि जाहीर होतात फार उशिरा. २०२३चे पुरस्कार १ ऑगस्ट २०२५ला जाहीर झाले. ‘श्यामची आई’ला उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा मान मिळाला तेव्हा तो थिएटरात येऊन पावणेदोन वर्षं उलटली होती. ‘स्थळ’ची गोष्ट आणखी वेगळी. टोरांटोच्या महोत्सवात सप्टेंबर २०२३मध्ये नेटपॅक (आशियाई चित्रपटांसाठीचा) पुरस्कार, आणि आपल्याकडे प्रदर्शन ७ मार्च २०२५ला. मी भारतातल्या तिकीट-प्रदर्शनाची किंवा ओटीटीवर पहिल्यांदा आल्याची, यातली जी आधीची ती तारीख धरतो. महोत्सवातले खेळ मोजत नाही. ते आपल्यापर्यंत पोचतच नाहीत.

दुसरा नियम सगळं पाहण्याचा. ऑस्करवाल्यांनी ९८व्या (२०२६च्या) पुरस्कारांपासून अट घातली आहे की अंतिम फेरीत ज्या विभागात मत द्यायचं, त्यातले सर्व नामांकित चित्रपट पाहिलेले हवेत. (इतकी वर्षं ही अट नव्हती, हेच नवल.) घरच्या यादीसाठी मी एवढंच म्हणतो की ज्या विभागातल्या किमान पाच कलाकृती अथपासून इतिपर्यंत पाहिल्या नाहीत, तो विभाग रद्द. या नियमाने रोजच्या मालिका आपोआप बाद होतात. आठवड्याला सहा भाग धरले तर वर्षाचे ३१२. भाग २२ मिनिटांचा म्हटला तरी एका मालिकेचे ११४ तास होतात. पाच मालिका पुऱ्या पाहणारा माणूस दुसरं काही करत नसणार.

तिसरा नियम, कुठे आणि कसं पाहिलं ते टिपून ठेवायचं. घरच्या टीव्हीवर चित्रपट पाहून छायाचित्रणाला नावं ठेवणारे बरेच असतात; दोष बहुतेकदा टीव्हीच्या सेटिंगचा असतो. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा (फ्रेम्सचा), आणि टीव्ही मधल्या चौकटी स्वतःच्या मनाने भरतो. मग महागडा चित्रपटही सासू-सुनेच्या मालिकेसारखा गुळगुळीत दिसू लागतो. कंपनीप्रमाणे याचं नाव ट्रूमोशन, मोशनफ्लो किंवा ऑटो मोशन प्लस असतं. ते बंद करा, किंवा टीव्हीत ‘फिल्ममेकर मोड’ असेल तर तो लावा. आवाजाचंही तसंच. ५.१ (सहा वाहिन्यांच्या) ध्वनिमिश्रणात संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरमधून येतात. टीव्हीचे दोन छोटे स्पीकर सगळं एकात कोंबतात आणि संवाद संगीताखाली दबतात. ॲपच्या ऑडिओ यादीत ‘स्टीरिओ’ असेल तर तो निवडावा. तरीही फक्त टीव्हीवर पाहिलेल्या चित्रपटाला ध्वनीचा पुरस्कार मी देत नाही.

गुणांची पद्धत सोडून द्या. दहापैकी साडेसात आणि आठ यांत फरक काय, हे महिन्याने देणाऱ्यालाच सांगता येत नाही. नावांच्या चिठ्ठ्या कराव्यात आणि दोन-दोन समोर ठेवून एकच प्रश्न विचारावा, यातला कोणता पुन्हा पाहीन? १२ नावं असतील तर ६६ जोड्या होतात. एका संध्याकाळचं काम आहे. महिन्याभराने परत तेच करायचं, दोन्ही वेळा जे वर राहिलं ते खरं.

आता निकाल.

उत्कृष्ट चित्रपट रोहन कानवडे यांचा ‘साबर बोंडं’. अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक विभागातला ग्रँड ज्युरी पुरस्कार मिळाला म्हणून नव्हे. वडिलांच्या दहाव्यापर्यंत गावात राहायचं, एवढ्या मुदतीवर अख्खी पटकथा उभी आहे. ‘पुढे काय’ची ओढ वेगळी लावावी लागत नाही, दिवसच मोजत राहतात. पार्श्वसंगीत नाही. त्यामुळे प्रेक्षकाने कुठे गहिवरायचं हे व्हायोलिन सांगत नाही, आणि नातेवाइकांचा ‘लग्न कधी?’ हा प्रश्न नुसता ऐकूनच टोचतो. ध्वनीचा पुरस्कारही यालाच.

पटकथेचा पुरस्कार जयंत सोमलकर यांच्या ‘स्थळ’ला. मुलगी पाहण्याचा कार्यक्रम पुन्हा पुन्हा होतो, प्रश्न तेच. एकच प्रसंग परत परत लिहिणं ही लेखकाची सर्वांत अवघड परीक्षा. दुसऱ्या खेपेला प्रेक्षक हसतो, चौथ्या खेपेला त्याला हसणं जड जायला हवं. इथे जातं. सुरुवातीलाच बाजू उलटवून मुलाला प्रश्न विचारायला बसवलं आहे, म्हणून पुढच्या प्रत्येक कार्यक्रमात ती उलटी बाजू डोक्यात राहते. नंदिनी चिकटे अभिनेत्रीच्या विभागात माझ्याकडे पहिल्या.

अभिनेता दिलीप प्रभावळकर, ‘दशावतार’. ऐंशी ओलांडलेल्या नटाने नजर अधू होत चाललेला दशावतारी कलावंत बाबुली उभा करायचा म्हणजे धोका दुहेरी. रंगमंचावरचा बाबुली आणि घरातला बाबुली यांचा आवाज वेगळा हवा, पण माणूस एकच वाटायला हवा. पूर्वार्धात हे काटेकोर साधलं आहे. उत्तरार्धात चित्रपट सूडाच्या मागे लागतो आणि आवाज वाढवतो. पुरस्कार नटाला आहे, चित्रपटाला नाही.

हिंदीत नीरज घायवान यांचा ‘होमबाउंड’ पहिला. यावर लांबण लावत नाही, त्याच्याबद्दल पुष्कळ लिहून झालं आहे.

मालिकांत ‘ॲडोलेसन्स’ ही ब्रिटिश मालिका. चार भाग, प्रत्येक भाग एकाच सलग टेकमध्ये. दुसऱ्या भागाच्या शेवटी कॅमेरा ड्रोनला जोडून उडवला, त्याचीच चर्चा फार झाली. पण पुरस्कार तिसऱ्या भागाला. एक खोली, एक मानसशास्त्रज्ञ, एक मुलगा. इथे सलग टेकचा खरा उपयोग कळतो. कट नाही, म्हणजे संकलकाला शांतता लांबवता किंवा कापता येत नाही, ती नटांनीच मोजायची. मुलाचं काम करणाऱ्या ओवेन कूपरचा सर्वांत आधी चित्रित झालेला भाग हाच.

स्थळचित्रणाचा पुरस्कार आपल्या माळव्याला. ‘पंचायत’ या हिंदी वेबमालिकेतलं फुलेरा गाव कथेत उत्तर प्रदेशातलं, चित्रीकरण मात्र सीहोर जिल्ह्यातल्या महोडियाचं. चौथ्या पर्वाला याहून जास्त काही देता येत नाही. सगळं पर्व निवडणुकीतच अडकून बसलं आहे.

एक उलटा पुरस्कार, प्रदर्शनाच्या तारखेचा. १२ सप्टेंबर २०२५, पितृपंधरवड्यातला शुक्रवार. त्या दिवशी ‘दशावतार’, ‘आरपार’ आणि ‘बिन लग्नाची गोष्ट’ एकदम लागले. पुढच्याच शुक्रवारी ‘साबर बोंडं’. पुण्या-मुंबईत हे खपून जातं. इंदूरसारख्या गावात मराठीला मिळाला तर एखादा खेळ मिळतो, तोही दुपारचा. तिथे चौघांनी आठ दिवसांत येणं म्हणजे तिघांनी न येणं. मग चित्रपट पडला असं म्हणायचं की पोचला नाही?

यावर उपाय आमच्या इंदुरातच आहे. ‘सानंद’ ही इथली संस्था वर्षानुवर्षं सभासदांचे गट करून एकेका मराठी नाटकाचे लागोपाठ प्रयोग लावते. चित्रपटाचा एक सकाळचा खेळ याच रीतीने ठरवता येईल. ओटीटीच्या घरगुती वर्गणीवर सभागृहात चित्रपट दाखवता येत नाही. वितरकाकडून त्या खेळापुरती लेखी परवानगी घ्यावी लागते. थिएटरवाला किमान किती रकमेची हमी मागतो ते विचारून ती रक्कम एकूण खुर्च्यांनी नव्हे, साठ टक्के खुर्च्यांनी भागून तिकीट ठरवावं.

बहुतेक खेळ फसतात ते तांत्रिक गोष्टींवर. थिएटरात डिजिटल प्रक्षेपणाची यंत्रणा क्यूब कंपनीची आहे की यूएफओची, हे वितरकाला आधी कळवा, कारण चित्रपटाची फाइल त्यानुसार येते. फाइल शंभर-दोनशे जीबीची असू शकते, चढवायला वेळ लागतो. ती कुलूपबंद असते आणि तिची डिजिटल किल्ली एका ठरावीक सर्व्हरपुरती, ठरावीक तासांपुरतीच चालते. ऐनवेळी पडदा दुसरा दिला की किल्ली निरुपयोगी होते, म्हणून पडद्याचा क्रमांक लेखी ठरवून घ्या. इंग्रजी उपशीर्षकांची प्रत हवी असेल तर तसं आधीच सांगा, म्हणजे आपल्या अमराठी शेजाऱ्यांनाही आणता येईल. आणि किल्ली खेळाच्या आदल्या संध्याकाळपासून चालू करून मागा, म्हणजे पहिली दहा मिनिटं आवाजासकट तपासता येतील.

आपला,
एक प्रेक्षक
रामबाग, इंदूर