आक्रमक प्रजाती संशोधन निधी : सभासद व हितचिंतकांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

परक्या आक्रमक प्रजाती आणि त्यांचे परिसंस्थेवरील परिणाम यांवर काम करणाऱ्या आपल्या संशोधक चमूला मंडळाच्या परिवारातील सर्वजण ओळखतात. त्यांच्या निरीक्षण-चौकटींच्या, म्हणजे निरीक्षणासाठी आखून ठेवलेल्या छोट्या जागांच्या, नोंदी पहिल्या हंगामापासून अखंड चालू होत्या. गेल्या वर्षी निधीअभावी जलपर्णी आणि मासे यांच्या नोंदी अर्ध्यावर सोडाव्या लागल्या. यंदा पावसापूर्वी व्यवस्था झाली नाही, तर जमिनीवरील चौकटींवरही तीच पाळी येणार आहे. ती येऊ नये म्हणून हे आवाहन करत आहोत.

एका वर्षाच्या नोंदी राहिल्या तर असे काय बिघडते, असा प्रश्न मागील वार्षिक सभेत विचारला गेला होता. प्रश्न रास्त आहे आणि सभेत वेळ थोडा असतो, म्हणून त्याचे उत्तर येथे देत आहोत. बाहेरून आलेली प्रत्येक प्रजाती आक्रमक होत नाही. पुष्कळशा येतात आणि तग धरत नाहीत, काही टिकतात पण उपद्रव देत नाहीत, आणि मोजक्याच काही दीर्घकाळ एखाद्या कोपऱ्यात दबून राहून परिस्थिती अनुकूल होताच झपाट्याने पसरतात. जर्मन परिसरशास्त्रज्ञ इंगो कोवारिक यांनी ब्रांडेनबुर्ग भागातील परक्या झाडाझुडपांच्या जुन्या नोंदी तपासून १९९५ साली असे दाखवून दिले, की प्रजाती प्रथम आणल्यापासून ती आपणहून पसरू लागेपर्यंत झुडपांच्या बाबतीत सरासरी १३१ वर्षे आणि वृक्षांच्या बाबतीत १७० वर्षे गेली होती. पिढ्यान्‌पिढ्या कोणीतरी नोंदवह्या जपल्या होत्या म्हणूनच हे कळू शकले. हॅन्नो सीबेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली जगभरातील परक्या प्रजातींच्या पहिल्या आढळाच्या नोंदी एकत्र केल्या, तेव्हा त्यांपैकी ३७ टक्के नोंदी १९७० ते २०१४ एवढ्याच काळातील निघाल्या. म्हणजे ओघ ओसरलेला नाही, आणि आज निरुपद्रवी वाटणाऱ्या कोणत्या वनस्पतीवर उद्या नजर ठेवावी लागेल, हे सलग नोंदींवाचून सांगता येत नाही. राहून गेलेला हंगाम नंतर कितीही पैसे ओतले तरी भरून काढता येत नाही.

हा विषय केवळ हौशी निसर्गप्रेमींचा आहे, असे अजूनही कोणास वाटत असेल तर जैवविविधता आणि परिसंस्था सेवा यांविषयीच्या आंतरशासकीय मंचाने २०२३ साली प्रसिद्ध केलेले मूल्यांकन त्यांनी अवश्य पाहावे. मानवी व्यवहारांमुळे जगभर ३७,००० हून अधिक परक्या प्रजाती रुजल्या असून त्यांपैकी ३,५०० हून अधिक प्रजाती हानिकारक ठरल्या आहेत. आजवर नामशेष झालेल्या प्राणी व वनस्पतींच्या नोंदींत ६० टक्के वेळा आक्रमक प्रजातींचा वाटा होता, आणि १६ टक्के वेळा तर तेच एकमेव कारण होते. या आक्रमणांची जगाला मोजावी लागणारी किंमत २०१९ साली ४२३ अब्ज डॉलरच्या वर होती, आणि तिच्यात प्रतिबंध व नियंत्रण यांवरील खर्च जेमतेम ८ टक्के होता. उरलेले सारे नुकसानच होते. आपल्या चमूला मदत मागावी लागते त्याचे मूळ या शेवटच्या आकड्यात आहे.

चौकटीचे काम वरवर पाहता अगदी साधे असते. घाणेरीच्या जाळीत सुतळीने एक मीटर लांब-रुंद चौरस आखायचा आणि त्यात उगवलेले प्रत्येक रोप वाकून, पानाची कड व खोडावरची लव पाहून ओळखायचे. शेजारीच तेवढाच दुसरा चौरस असतो, त्यातील घाणेरी काढून टाकलेली असते. दोन्हींची तुलना वर्षानुवर्षे केल्याशिवाय एखाद्या ठिकाणची देशी रोपे घाणेरीमुळे हटली, की चराई, वणवा किंवा अपुरा पाऊस यांमुळे आधीच हटली होती आणि मोकळ्या जागेत घाणेरी शिरली, हे ठरवता येत नाही. आक्रमक प्रजातींवरील संशोधनातला सर्वांत अवघड प्रश्न हाच आहे. त्यानंतर प्रत्येक चौकटीतून वरच्या थराची माती खरवडून आणतात, ती चाळून पसरट ट्रेमध्ये अंथरतात, रोज पाणी देतात आणि उगवणारे प्रत्येक रोप मोजून उपटतात. मातीत कोणाचे बी दडले आहे हे त्यावरून कळते. गेल्या खेपेस देशी गवतांचा मागमूस नसलेल्या एका चौकटीच्या मातीतून त्याच गवतांचे कोंब वर आले, तेव्हा ट्रेभोवती जमलेल्या आमच्या कार्यकर्त्यांचे चेहरे पाहण्यासारखे होते. बी शिल्लक आहे म्हणजे ती जागा सावरू शकते.

घाणेरीचा व्याप किती मोठा आहे, हेही सांगितले पाहिजे. शोभेचे झुडूप म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी भारतात आणलेली ही वनस्पती देशातील वाघांच्या अधिवासातील ४० टक्क्यांहून अधिक क्षेत्रात, म्हणजे सुमारे १,५४,००० चौरस किलोमीटर जंगलात पसरली आहे, असे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून पुढे आले. ती नुसती वरून छाटली तर बुंध्यापासून दुप्पट जोमाने फुटते. परिसरशास्त्रज्ञ प्रा. सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जमिनीखाली थोड्या खोलीवर मुख्य मूळ तोडून झुडूप उलटे ठेवण्याची पद्धत रूढ केली. फळे खाऊन पक्षी ज्या झाडांवर बसतात त्यांच्या खाली नवी रोपे उगवतात, म्हणून तेथे पुढील काही वर्षे पहारा ठेवावा लागतो. एकदा उपटून छायाचित्रे काढून परतणाऱ्या मोहिमांचा फारसा उपयोग होत नाही, हे आमचे मत झाले आहे आणि ते आम्ही ठामपणे मांडतो.

उपाय घाईने योजला तर तो रोगापेक्षा जड जातो, याचेही दाखले आहेत. उसावरील भुंगेऱ्यांचा बंदोबस्त करण्यासाठी १९३५ साली ऑस्ट्रेलियात आणलेले बेडूकवर्गीय केन टोड हे आता स्वतःच तेथील मोठे संकट आहे. आफ्रिकन गोगलगायींना आळा घालण्यासाठी १९७७ साली पॅसिफिक महासागरातील मूरेआ बेटावर सोडलेल्या शिकारी गोगलगायीने तेथील वृक्षवासी पार्टुला गोगलगायींचाच फडशा पाडला. याउलट गाजरगवतावर उपजीविका करणारा मेक्सिकन भुंगेरा १९८३ साली बंगळूरला आणून, तो इतर पिकांवर जगत नाही याच्या चाचण्या घेऊन पुढील वर्षी सोडण्यात आला. पुढे तो सूर्यफुलावर दिसू लागल्याने वाद उठला, तेव्हाही शास्त्रज्ञांनी पुन्हा तपास करून, पानांवर गाजरगवताचे परागकण पडल्यामुळे तो तेथे खातो, असे दाखवले. असे काम करायला धीर लागतो, आणि धीर धरायला आधार लागतो.

तो आधार आजवर ज्यांनी दिला त्यांचे ऋण येथे मांडल्यावाचून पुढे जाववत नाही. आपल्या दिवंगत अध्यक्षांनी स्वतःच्या घरातील पुढची खोली वाळवलेल्या नमुन्यांसाठी मोकळी करून दिली आणि अखेरपर्यंत तिचे भाडे घेतले नाही. विज्ञानाच्या निवृत्त शिक्षिका असलेल्या आपल्या ज्येष्ठ सभासदांनी निवृत्तीनंतर मिळालेल्या रकमेतून सूक्ष्मदर्शक घेऊन दिला. आपले नाव कोठेही लिहू नये अशी त्यांची अट आम्ही आजही पाळत आहोत. सुतारकाम करणाऱ्या काकांनी नमुने दाबण्याच्या लाकडी फळ्या विनामूल्य केल्या, त्या अजून एकाही सांध्यात हललेल्या नाहीत. नावाडी दादांनी जलपर्णीच्या सर्वेक्षणासाठी होडी दिली आणि पाण्याखालची मुळे कशी उचलावीत हेही संशोधकांना शिकवले. ज्या शेतकरी बंधूंनी बांधावर चौकटी आखू दिल्या, त्यांनी त्या जागी नांगर घातला नाही की गुरे सोडली नाहीत. महाविद्यालयीन मुलामुलींनी सुट्टीच्या दिवशी हातमोजे घालून माती चाळली. या सर्वांमुळेच आपल्या नोंदी संशोधकांच्या प्रबंधांपर्यंत आणि वनविभागाच्या चर्चेपर्यंत पोहोचल्या, याचा मंडळाला रास्त अभिमान आहे.

तरीही मनात आहे ते लिहिले पाहिजे. संशोधकांच्या सत्काराला सभागृह भरले होते. मात्र त्याच आठवड्यात चौकटी साफ करायला जे आले ते नेहमीचेच होते. मागील आवाहनाची प्रत सर्व सभासदांना पोचली होती, तरी उत्तर मोजक्यांचेच आले. एका कार्यालयाकडे पाठवलेल्या पत्रांची पोचही मिळाली नाही. ज्यांना अडचण होती त्यांच्याविषयी तक्रार नाही. पण निदान नकार तरी कळवला असता तर आम्ही वेळेत दुसरी सोय पाहिली असती. वेतनाविना उन्हातान्हात राबणाऱ्या तरुण संशोधकांना त्या काळात काय वाटले असेल, याचा विचार सर्वांनी करावा ही कळकळीची विनंती आहे.

निधीची गरज पुढील गोष्टींसाठी आहे: चौकटींवर जाण्यायेण्याचा खर्च, दोन संशोधन साहाय्यकांचे मानधन, होडीचे इंधन व जाळी, मातीच्या चाचण्या, नमुन्यांसाठी बुरशी न लागणारे लोखंडी कपाट आणि जुन्या नोंदवह्यांचे संगणकीकरण. एका चौकटीचा वर्षभराचा खर्च एका कुटुंबाने किंवा मित्रगटाने उचलल्यास तिच्या नोंदींची प्रत दरवर्षी त्यांना दिली जाईल. देणगी धनादेशाने, बँकेतून किंवा रोखीने, मंडळाच्या कार्यालयात संध्याकाळच्या नेहमीच्या वेळेत द्यावी. पावती तेथेच मिळेल, ती घेतल्याशिवाय जाऊ नये, आणि धनादेशाच्या मागे ‘संशोधन निधी’ असे लिहावे म्हणजे रक्कम सर्वसाधारण खात्यात जाणार नाही. वापरात नसलेली दुर्बीण, वजनकाटा, संगणक किंवा पसरट ट्रेही चालतील, मात्र चालू स्थितीत असावेत. पैसे देणे शक्य नसेल त्यांनी श्रमदानासाठी नावे खजिनदारांकडे नोंदवावीत; पूर्ण बाह्यांचे कपडे व हातमोजे आवश्यक आहेत, आणि गाजरगवताची ॲलर्जी किंवा दम्याचा त्रास असणाऱ्यांना नोंदवही लिहिण्याचे काम दिले जाईल. घरच्या टाकीतील शोभेचे मासे व पाणवनस्पती नदीत किंवा तलावात न सोडता मंडळाकडे आणून द्याव्यात. साहित्याची खरेदी पावसापूर्वी करावयाची असल्याने देणग्या व नावे या महिनाअखेरपर्यंत पोचावीत. जमाखर्च नेहमीप्रमाणे वार्षिक सभेत मांडला जाईल आणि त्याआधीही कोणीही सभासद तो कार्यालयात पाहू शकेल.

आपला नम्र,
कार्यवाह
(कार्यकारिणीच्या वतीने)