ऑलिव्ह तेल: बिजागरीला नको, साबणाला हवे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ऑलिव्ह तेलाचे स्वयंपाकाबाहेरचे उपयोग सांगणाऱ्या याद्या पुरवण्यांतून आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून सतत फिरत असतात. बिजागरी कुरकुरते, लावा. सागवानी टेबल निस्तेज दिसते, लावा. केसांत कोंडा झाला, लावा. बाळाला लावा, बुटाला लावा. यांतले काही उपयोग खरोखरच उत्तम आहेत, बरेचसे निरुपयोगी आहेत आणि दोन-तीन अपाय करणारे आहेत. कोणता कशात मोडतो हे ठरवायला या तेलाचे दोन गुण माहीत असले तरी पुरते. एक, ते सुकत नाही. दोन, त्यात ओलेइक आम्ल हे मेदाम्ल (तेलाचा एक घटक) फार असते.

आधी सुकण्याचे. स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्ट फॅनच्या पात्यांवर किंवा तेलाच्या किटलीच्या बुडाशी जो पिवळट, नखाने खरवडावा लागणारा थर बसतो, ते अर्धवट सुकलेले तेल असते. तेल पाण्यासारखे उडून जात नाही. हवेतला ऑक्सिजन घेऊन त्याचे रेणू एकमेकांत गुंततात आणि त्याचा पापुद्रा बनतो. ही प्रवृत्ती किती हे आयोडीन मूल्यावरून, म्हणजे 100 ग्रॅम तेल किती ग्रॅम आयोडीन शोषते त्या आकड्यावरून, कळते. जवसाचे 170 च्या वर, करडईचे 140 च्या आसपास, शेंगदाण्याचे 85 ते 99, ऑलिव्हचे 75 ते 94 आणि खोबरेलाचे जेमतेम 10 च्या आतबाहेर. आकडा जितका मोठा तितके तेल लवकर सुकते. म्हणजे ऑलिव्ह तेल धड सुकत नाही आणि खोबरेलासारखे वर्षभर जसेच्या तसे राहतही नाही. महिनोन्महिने ओले, मग चिकट, मग खवट, असा त्याचा प्रवास असतो.

लाकडाचे याच कारणाने नुकसान होते. जवसाचे तेल लाकडाच्या छिद्रांत शिरून तिथेच घट्ट होते. ऑलिव्ह तेल शिरते, पण ओलेच राहते. पहिल्या दिवशी टेबल झळकते. पंधरा दिवसांत त्यावर धूळ धरते, आणि पुढे कपाटाच्या फळ्यांना खवट वास सुटतो. हल्लीच्या मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिशमधून तर तेल आत जातच नाही, नुसते वर पसरते. लिंबाचा रस घालून करायच्या ‘घरगुती पॉलिश’मध्ये तेल आणि रस एकत्र राहत नाहीत. जुने चपड्याचे पॉलिश असेल आणि रसातले पाणी त्यावर राहिले, तर पांढरे डाग पडतात ते वेगळेच.

पोळपाट-लाटण्याला आणि भाजी चिरायच्या पाटाला औषधाच्या दुकानात बद्धकोष्ठावर मिळणारे लिक्विड पॅराफिन लावावे. ते सुकत नाही, पण खवटही होत नाही. पाट धुऊन दोन दिवस सावलीत वाळवावा, चमचाभर पॅराफिन चोळून रात्रभर ठेवावे आणि सकाळी कोरड्या फडक्याने पुसून घ्यावे. जवसाचे तेल वापरणाऱ्यांनी एक काळजी घ्यावी. तेलाचे फडके चुरगळून कोपऱ्यात टाकू नये. सुकताना उष्णता निर्माण होते आणि बोळा केलेले फडके आपोआप पेटू शकते. ते दोरीवर पसरून वाळवावे.

बिजागरीची कुरकुर ऑलिव्ह तेलाने थांबते, पण थोडेच दिवस. नंतर धूळ आणि तेल यांचा काळा लगदा होतो. शिलाई मशीनला तर कुठलेच खाद्यतेल नको. शटलमध्ये ते चिकट झाले की मशीन जड चालते आणि सगळे उघडून धुवावे लागते. मशीनच्या पातळ खनिज तेलाचे दोन थेंब या दोन्ही कामांना पुरतात. बिडाच्या तव्यालाही सुकण्याचाच हिशेब लावावा: तो मुरवायला ऑलिव्हहून अधिक सुकणारे सूर्यफूल तेल बरे, आणि थर इतका पातळ हवा की पुसून टाकला असे वाटावे.

आता हे न सुकणे जिथे कामाचे ठरते ते बघू. नव्या स्टीलच्या ताटाचे लेबल कागदी असेल तर तेल कागदातून झिरपून डिंकापर्यंत पोचते. प्लास्टिकचे असेल तर पोचत नाही, म्हणून वरचा पापुद्रा आधी नखाने काढावा. ताटाच्या दुसऱ्या बाजूने दोन मिनिटे कढत पाणी सोडले की तो सहज निघतो. उरलेल्या डिंकावर अर्धा चमचा तेल कापसाने थापून 15 ते 20 मिनिटे थांबावे. बहुतेकांची चूक इथेच होते, ते लगेच घासायला लागतात. डिंक आधी फुगू द्यावा, मग कोरड्या फडक्याने गोल चोळले की गोळ्या होऊन सुटतो. शेवटी भांड्याचा साबण. कडाप्पा, संगमरवर, पुस्तकाचे मुखपृष्ठ यांवर हा प्रयोग नको, तेलाचा डाग मुरतो तो निघत नाही. फणस कापताना हाताला आणि कोयत्याला तेल लावतात त्यामागचे तत्त्व हेच. पण तिथे खोबरेलाने भागते, ऑलिव्हची बाटली उघडायचे कारण नाही. पाण्याने न निघणारे काजळ काढायलाही हे तेल चांगले: कापसावर दोन-तीन थेंब, मिटल्या पापणीवर 20 सेकंद धरून पुसायचे आणि लगेच चेहरा धुवायचा. कॉन्टॅक्ट लेन्स आधी काढून ठेवाव्यात. रबरी हातमोजे, निरोध अशा लॅटेक्सच्या वस्तूंना मात्र कुठल्याही तेलाचा हात लागू देऊ नये, रबर कमकुवत होते.

ऑलिव्ह तेलाचा स्वयंपाकाबाहेरचा सर्वांत जुना आणि सर्वांत खरा उपयोग म्हणजे साबण. सीरियातल्या अलेप्पो शहरात त्यात लॉरेल या झाडाच्या फळांचे तेल मिसळतात, पॅलेस्टाइनमधल्या नाब्लुसचा साबण निव्वळ ऑलिव्हचा. या दोन्ही परंपरा 2024 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेल्या. फ्रान्समध्ये चौदाव्या लुईच्या काळात, 1688 साली, मार्सेच्या साबणात ऑलिव्हखेरीज दुसरे तेल घालायला हुकूम काढून बंदी केली होती.

घरी करायचा तर मोजमाप असे. एक ग्रॅम ऑलिव्ह तेलाचा पूर्ण साबण व्हायला 0.134 ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो. 500 ग्रॅम तेलाला 67 ग्रॅम होतो. त्यातून पाच टक्के कमी, म्हणजे 64 ग्रॅम घ्यावा, म्हणजे थोडे तेल शिल्लक राहते आणि साबण हाताला बोचत नाही. पाणी 130 ग्रॅम. सगळे वजनाने, एक ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर. वाटी-चमच्याचे माप इथे चालत नाही. खायचा सोडा किंवा धुण्याचा सोडा यांनी साबण होत नाही, आणि मोरी साफ करण्याच्या पुड्यांत इतर गोष्टी मिसळलेल्या असू शकतात. डोळ्यांना चष्मा, हातात मोजे, अंगात पूर्ण बाह्या हव्यात. सोडा पाण्यात घालावा, पाणी सोड्यावर कधीही ओतू नये; उसळून अंगावर येते. मिश्रण 80-90 अंशांपर्यंत तापते, म्हणून खिडकीजवळ काम करावे. भांडे स्टीलचे. अ‍ॅल्युमिनियमचे पातेले सोडा खातो आणि त्यातून हायड्रोजन निघतो. अंगावर उडाले तर वाहत्या पाण्याने धूत राहावे, त्यावर लिंबू किंवा व्हिनेगर चोळत बसू नये.

तेल आणि सोड्याचे पाणी दोन्ही 40 अंशांच्या आसपास आली की पाणी बारीक धारेने तेलात सोडावे आणि ढवळत राहावे. इथे धीर सुटतो. नुसत्या ऑलिव्ह तेलाला हाताने ढवळून तासाहून अधिक वेळ लागतो, हँड ब्लेंडरने दहा-पंधरा मिनिटे. पळीतून ओघळलेली धार पृष्ठभागावर क्षणभर रेघ होऊन राहिली की साच्यात ओतावे. दोन दिवसांनी वड्या पाडाव्यात. लगेच वापरायला घेतल्या तर मात्र निराशा होईल: मऊ, शेंबडासारखा फेस, आणि पाण्यात आठवड्यात विरघळलेली वडी. ऑलिव्हचा साबण जाळीवर, हवेशीर जागी किमान सहा आठवडे आणि शक्य तर सहा महिने ठेवावा. पाणी उडाले की तो घट्ट होतो आणि त्वचेला सौम्य लागतो. तेवढा दम नसेल तर 350 ग्रॅम ऑलिव्हला 150 ग्रॅम खोबरेल घालावे. खोबरेलाला ग्रॅममागे 0.183 सोडा लागतो, म्हणून पाच टक्के कमी करून एकूण सोडा 70 ग्रॅम घ्यावा. फेस भरपूर येतो, वडी लवकर घट्ट होते. कोकणात पावसाळ्यात साबणाला घाम सुटतो. साबणात तयार झालेले ग्लिसरीन हवेतले पाणी ओढते म्हणून, साबण बिघडला असे नव्हे. नारिंगी ठिपके आणि खवट वास मात्र तेलच जुने असल्याची खूण. बोअरच्या जड पाण्यात कुठलाही असा साबण पांढरा साका धरतो, त्यावर इलाज नाही.

दुसरा गुण ओलेइक आम्ल. ऑलिव्ह तेलातल्या मेदाम्लांत ते 55 ते 83 टक्के असते आणि त्वचेच्या वरच्या थराची बांधणी सैल करते. इंग्लंडमधल्या शेफील्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी 2013 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्रौढांच्या हातावर दिवसातून दोनदा सहा-सहा थेंब काही आठवडे लावले होते. त्वचेची एकसंधता कमी झाली आणि किंचित लाली आली. सूर्यफूल तेलाने तसे झाले नाही, उलट ओलावा सुधारला. मग तान्ह्या बाळाच्या नाजूक कातडीला रोज ऑलिव्ह तेलाने मालीश कशासाठी? ‘परदेशी आणि महाग म्हणजे बाळाला चांगले’ या समजुतीपलीकडे त्याला आधार दिसत नाही. इसब असलेल्या त्वचेला तर ते लावूच नये. निबर झालेल्या कोपरांना, घोट्यांना आंघोळीनंतर ओलसर अंगावर दोन थेंब लावायला हरकत नाही. टाचांच्या भेगांना मात्र पेट्रोलियम जेली आणि मोजे अधिक कामाचे, कारण जेली पाणी अडवते.

कोंड्यावर ऑलिव्ह तेल हा सल्ला सगळ्यांत उलटा. कोंड्याशी संबंध असलेली मॅलॅसेझिया ही यीस्ट तेलावर जगते. प्रयोगशाळेत ती वाढवायच्या माध्यमात ऑलिव्ह तेलच घालतात. रात्रभर डोके चोपडून ठेवणे म्हणजे तिला जेवू घालणे. कोंडा नसेल आणि केस नुसतेच रुक्ष असतील तर केसांच्या टोकांना लावून अर्ध्या तासाने धुवावेत. त्यातही मुंबईत झालेल्या आणि 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांपैकी फक्त खोबरेलाने केसांतल्या प्रथिनांची गळती कमी केली होती. ऑलिव्ह त्या तुलनेत नव्हते, पण आजीच्या बाटलीची बाजू भक्कम आहे एवढे खरे.

कानातल्या मळासाठी ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा आजही ऑलिव्ह तेल सुचवते: औषधाच्या दुकानातले, दोन ते तीन थेंब, दिवसातून तीन-चार वेळा, तीन ते पाच दिवस. बाटली मुठीत धरून कोमट करावी, कुशीवर पाच-दहा मिनिटे पडून राहावे. मळ फुगल्याने सुरुवातीला कान अधिक दडतो, त्याने घाबरू नये. लसूण घालून कडवलेले तेल कानात ओतण्याची आपल्याकडची सवय मात्र सोडावी; कडवलेल्या तेलाचा अंदाज चुकला की आत भाजते. कान वाहत असेल, पडद्याला भोक असेल किंवा दुखत असेल तर तेल नको, डॉक्टर हवा.

विकत घेताना: साबणासाठी आणि डिंक काढायला एक्स्ट्रा व्हर्जिन वापरणे उधळपट्टी आहे, पोमेस किंवा ‘प्युअर’ (शुद्धीकरण केलेल्या तेलात थोडे व्हर्जिन मिसळलेले) चालते. पोमेस म्हणजे फळ पिळून उरलेल्या चोथ्यातून द्रावकाने काढून शुद्ध केलेले तेल. ‘एक्स्ट्रा लाइट’ हे रंग-चवीला हलके असते, उष्मांकाला नाही. ‘ऑलिव्ह हेअर ऑइल’ घेताना घटकांची यादी वाचावी. पहिले नाव लाइट लिक्विड पॅराफिन असेल तर बाटलीत मुख्यतः खनिज तेल आहे. आणि फ्रिजमध्ये गोठले म्हणजे अस्सल, ही परीक्षा खोटी. गोठणे फळाच्या जातीवर आणि हंगामावर अवलंबून असते.

बाटली उघडल्यावर दोन-तीन महिन्यांत वापरावी, गॅसजवळ ठेवू नये. खवट झालीच तर अंगाला किंवा साबणाला न वापरता दिव्यात जाळावी. खाण्यालायक नसलेल्या ऑलिव्ह तेलाला युरोपात आजही ‘लांपांते’, म्हणजे दिव्याचे तेल, म्हणतात. ते दाट असल्याने वातीतून वर चढायला जड. उथळ पणती घ्यावी, जाड सुती वात आणि तिचे टोक अर्धा सेंटिमीटरच बाहेर. खवट तेलातल्या आम्लाने पितळेवर हिरवट कळक चढतो, म्हणून समईत घातले असेल तर रात्री उरलेले तेल काढून समई पुसून ठेवावी.

आपला,
एक वाचक, ठाणे