नोटीस घ्या हो, परत पाठवू नका

महोदय,

भाडं थकवणाऱ्याचं पाणी तोडा, आठ दिवसांत खोली मोकळी होते, असा सल्ला देणारं एका घरमालकाचं पत्र गेल्या आठवड्यात याच सदरात वाचलं. मीही घरमालक आहे आणि माझंही भाडं थकलंय. तरी सांगतो, पाणी-वीज तोडणं महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम २९ प्रमाणे गुन्हा आहे. त्या पत्रावर माझं एवढंच. मला बोलायचंय ते नोटिशीच्या पाकिटाबद्दल.

सांगलीत चौतीस वर्षं पोस्टमन होतो. शेवटची अकरा वर्षं गावभाग आणि खणभाग ही माझी बीट. वकिलाचं पाकीट लांबूनच ओळखू येतं. लांबट, खाकी, कोपऱ्यात शिक्का, पाठीला पोहोच पावती. माझ्या हातात ते दिसलं की पडवीतली बाई म्हणायची, "ते घरात न्हाईत." आणि तिच्या मागं पंख्याखाली तोच माणूस ताटावर बसलेला! आमटीचा भुरका मला ऐकू यायचा. पाकीट घेतलं नाही म्हणजे नोटीस बजावलीच गेली नाही, अशी लोकांची पक्की समजूत. मी तारीख घालून शेरा मारायचो, "घेण्यास नकार", आणि पाकीट परत. दार बंद असलं तर सूचना ठेवून सात दिवस वाट बघायची, मग परत.

त्या शेऱ्याचं पुढं काय होतं, हे नोकरीत असताना मला कोणी सांगितलं नाही. आता स्वतःच्या कामासाठी वकिलाकडं गेलो तेव्हा कळलं. पत्ता बरोबर असेल तर "नकार" हा शेरा कोर्ट नोटीस मिळाल्यासारखाच धरतं. म्हणजे पाकीट परत गेलं तरी भाडेकरूचे दिवस मोजायला सुरुवात होते, फक्त भाडेकरूलाच ते माहीत नसतं.

आणि ते दिवस त्याच्याच फायद्याचे असतात. कलम १५ सांगतं की थकबाकीची लेखी मागणी पोचल्यावर नव्वद दिवस उलटल्याशिवाय मालकाला त्या कारणानं दावाच लावता येत नाही. तेवढ्यात बाकी भरली की विषय मिटला. दावा लागलाच, तर समन्स मिळाल्यापासून पुन्हा नव्वद दिवस. तेव्हा सगळी बाकी, वर दरसाल १५ टक्के सरळ व्याज आणि दाव्याचा खर्च कोर्टात भरायचा, निकाल लागेपर्यंत पुढचं भाडंही भरत राहायचं. मग थकबाकीपायी घर खाली करण्याचा हुकूम होत नाही. (अकरा महिन्यांच्या नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्सची गोष्ट वेगळी, तिथं हे नव्वद दिवस नाहीत.) किती रुपये, कुठल्या महिन्यापासून, हे सगळं त्या पाकिटात लिहिलेलं असतं, आणि माणूस नेमकं तेच परत धाडतो.

मालकही काही कमी नव्हते. जुन्या वाड्यांतल्या भाडेकरूंच्या मनीऑर्डरी मी वर्षानुवर्षं वाटल्या. कूपनवर बारीक अक्षरात "श्रावण महिन्याचे भाडे", रक्कम पस्तीस नाहीतर चाळीस रुपये. मालक कपाळाला आठ्या घालून म्हणायचे, "न्या परत." हेतू उघड होता. भाडं घ्यायचंच नाही, म्हणजे बाकी चढेल, मग नोटीस. पण शहाणा भाडेकरू परत आलेली कूपनं जपून ठेवायचा. भाडं द्यायची तयारी होती, याचा तो पुरावा. एकानं तर तसली कूपनं पत्र्याच्या ट्रंकेत ठेवली होती आणि २०१९ च्या पुरात ट्रंकेसकट गेली. त्या ऑगस्टात आमच्या गल्लीत लोकांनी आधी माणसं काढली, मग गॅस. कागद कोण काढतो?

आता माझं. माडीवरच्या दोन खोल्या २०११ पासून एका मिक्सर दुरुस्तीवाल्याकडं आहेत. भाडं साडेचार हजार. माणूस वाईट नाही, पण सात महिने झाले, साडेएकतीस हजार तुंबलेत. विचारलं की "काका, सोमवारी." सोमवार कुठला, ते सांगत नाही. चूक माझीही आहे. करार तोंडी, आणि पावती एकदाही दिलेली नाही. वकील हसले. म्हणाले, पोस्टमन असून तुम्ही पोहोच दिली नाहीत? करार नोंदवायची जबाबदारी मालकाची, आणि तो नसेल तर कलम ५५ प्रमाणे अटींबाबत आधी भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. म्हणजे उद्या त्यानं भाडं तीनच हजार होतं म्हटलं, तर खोटं पाडायचं काम माझ्यावर.

नोटीस धाडली त्या दिवशी मी खाली ओट्यावरच होतो. नवीन पोरगा वर गेला. रजिस्टर पोस्ट आता स्पीड पोस्टात गेलं, पण जिना तोच. वरून आवाज आला, "ते घरात नाहीत." पंधरा मिनिटांपूर्वी त्यानंच माझ्याकडून पंप नेला होता सायकलला. पोरगा खाली आला, माझ्याकडं बघून ओशाळला. मी म्हटलं, "लिही बाबा, जे खरं ते लिही."

त्याला आज बावन्न दिवस झाले. अडतीस उरलेत. तोंडानं सांगून बघितलं, तर वकिलानं शिकवलंय का म्हणून रुसला. मला खोल्या नकोत, भाडं पाहिजे. आमच्या घरात तुमचा पेपर एकच येतो. माझा वाचून झाला की मी तो जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर ठेवतो आणि दुपारपर्यंत तो वर गेलेला असतो. हे पत्र छापलंत तर त्या दिवशीचा अंकही तिथंच ठेवीन.

आपला,
एक निवृत्त पोस्टमन,
गावभाग, सांगली