‘कृपया थांबा’ म्हणजे नक्की किती वेळ?

मा. संपादक,

स. न. वि. वि.

सगळी सरकारी कामं आता घरबसल्या होतात, हा कालच्या अंकातला लेख वाचला. लेखकमहाशयांचं घर कुठे आहे ते कळवलंत तर उपकार होतील. पुढचा फॉर्म भरायला मी तिथेच जाऊन बसेन.

आमच्या सोसायटीचा मी मानद सचिव. मानद म्हणजे फुकट, हे सोसायटीत राहणाऱ्यांना सांगायला नको. गेल्या महिन्यात एका कार्यालयाच्या वेबसाइटवरून सोसायटीच्या माहितीचा फॉर्म डाउनलोड केला. पीडीएफ होती, म्हणून निर्धास्त होतो. कुठल्याही यंत्रावर कागद जसाच्या तसा दिसावा, एवढ्यासाठीच तर १९९३ मध्ये ही पीडीएफ निघाली. उघडली, तर पांढऱ्याफटक पानावर इंग्रजीत तीन-चार ओळी. कृपया थांबा, हा संदेश जाऊन खरा मजकूर आला नाही, तर तुमच्या प्रोग्रॅमला ही फाइल दाखवता येत नसावी.

थांबा म्हटलं म्हणून थांबलो. चहा टाकला, प्यायलो, खाली जाऊन टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून आलो. पंचवीस मिनिटं झाली तरी पान जिथल्या तिथे. शेवटी भाच्याला फोन केला. तो हसायलाच लागला. ‘‘मामा, ते लोड होत नाहीये. त्या पानावर तेवढंच लिहिलेलं आहे!’’

त्याने सांगितलं ते असं. ही फाइल नावाला पीडीएफ. आतला फॉर्म एक्सएफए नावाच्या निराळ्याच पद्धतीने बांधलेला. तो नीट बघायला बहुतेक वेळा विंडोज नाहीतर मॅकवरचा अ‍ॅडोबीचा रीडर लागतो. बरं, खुद्द पीडीएफच्या २०१७ च्या मानकाने ही पद्धत मोडीत काढली आहे. पण आमच्या कार्यालयांना मोडीचं प्रेम जुनंच.

माझ्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी उबुंटू ही फुकट मिळणारी प्रणाली आहे. हौस म्हणून नाही. विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला माझा प्रोसेसर जुना पडतो. यंत्र ठणठणीत आहे, नुसतं अपात्र ठरलं आहे. (आमच्या वयात ही भावना ओळखीची असते.) म्हणून भाच्यानेच उबुंटू घालून दिलं आणि बँक, वीजबिल, रेल्वेचं तिकीट, सगळं त्यावर बिनतक्रार चालतं. फॉर्म तेवढा उघडेना. मोबाइलवर पाहिलं, तेच पान. सुनेच्या मॅकवर प्रिव्ह्यू या त्याच्या स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये पाहिलं, तिथेही ‘कृपया थांबा’. तो लॅपटॉप तिच्या ऑफिसचा, त्यावर तिला स्वतःहून काही इन्स्टॉल करता येत नाही. घरात तीन यंत्रं आणि फॉर्म एकावरही दिसेना!

कार्यालयात फोन लावला. चौथ्या वेळी उचलला. ‘‘काका, विंडोज नाही का तुमच्याकडे?’’ घरात नळ नाही का, अशा सुरात. मग डेक्कनला एका झेरॉक्सच्या दुकानात जाऊन, मागे तिघं-चौघं ताटकळत असताना, सोसायटीचा सगळा तपशील परक्याच्या कॉम्प्युटरवर भरला. चाळीस रुपये. ते व्हाउचरला लावले, तर खजिनदारांनी पावती मागितली. एवढं करून फॉर्म पाठवायचा कसा? प्रिंट काढून, शिक्का मारून, दोन प्रतींत, समक्ष.

केंद्र सरकारने ई-गव्हर्नन्ससाठी खुल्या मानकांचं, म्हणजे कुठल्या एका कंपनीवर अडून न राहण्याचं, धोरण २०१० मध्येच जाहीर केलं. तो कागद तरी या मंडळींच्या यंत्रावर उघडतो का, एकदा पाहायला हवं. १९९१ मध्ये ज्या पुण्यात ‘परम ८०००’ महासंगणक तयार झाला, तिथे एका पानाच्या फॉर्मसाठी माणसाने अमुकच यंत्र घ्यावं? साधं वेबपान केलं असतं तर ते कुठल्याही ब्राउझरमध्ये उघडलं असतं. चार रकाने भरायला आणखी काय लागतं?

आता विषय निघालाच आहे तर आपल्याबद्दलही. जूनमध्ये आपण माझं पावसाळी पर्यटनावरचं पत्र छापलंत, त्याबद्दल आभार. मी ‘ताम्हिणीच्या दऱ्या’ लिहिलं होतं, अंकात ‘ताम्हिणीच्या दर्या’ आलं. समुद्र मुळशी तालुक्यात शिरल्याची बातमी सर्वप्रथम आपल्याच दैनिकाने दिली, असं आमचा सकाळचा कट्टा अजून म्हणतो. चौकशी केली तेव्हा कळलं की वाचक पाठवतात युनिकोड या आजच्या सर्वमान्य अक्षरपद्धतीत, आपल्याकडे पान लागतं जुन्या फॉन्टमध्ये आणि मधल्या रूपांतरात ‘ऱ्य’चा रफार होतो. आचाऱ्याचा आचार्य व्हायलाही वेळ लागणार नाही. वाचकाने पत्रात काय लिहिलं होतं, एवढं तरी छापण्यापूर्वी कोणी ताडून पाहतं का?

म्हणून हे पत्र हाताने लिहून आपल्या कार्यालयातल्या पेटीत टाकत आहे. ‘दऱ्या’ या शब्दाखाली लाल रेघ ओढली आहे, टाइप करणाऱ्यांनी कृपया पाहावी.

कळावे,

एक सोसायटी सचिव, कोथरूड, पुणे
(नाव-पत्ता वेगळ्या चिठ्ठीवर दिला आहे, छापू नये.)