पावसात गाडी, थंडीत लाकूड

कोल्हापूर,
६ जुलै

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. राजारामपुरीतलं गॅरेज रिकामं झालं, त्यात काकांची स्प्लेंडर तीन वर्षं झाकून पडलीय, आणि शनिवार-रविवार घालवून गणपतीच्या आत सागवानी जेवणाचं टेबल करायचा तुझा बेत आहे. बेत झकास, फक्त उलटा आहे. टेबल आत्ता नको. आत्ता गाडी हातात घे, जोडीला एक दणकट वर्कबेंच कर आणि टेबलाचं लाकूड दिवाळीनंतर बघू.

कारण आपला पाऊस. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, पण रुंदीत फुगतं आणि आकसतं. सागवान त्यातल्या त्यात शांत, तरी दोन फूट रुंद फळी पावसाळा ते उन्हाळा तीन-चार मिलिमीटर सहज हलते. जुलैत घट्ट बसवलेला ड्रॉवर मार्चमध्ये खुळखुळतो, आणि मार्चमध्ये नेमका बसवलेला जुलैत ओढूनही निघत नाही. पॉलिशचं तर विचारूच नकोस. दमट हवेत लाखेचं पॉलिश किंवा लॅकर मारलं की स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर हवेतलं पाणी बसतं आणि सगळं पांढुरकं होतं. आषाढात चांगला सुतारसुद्धा पॉलिश टाळतो.

तर गाडी. आधी काकांना एक विचार. ती पूर्वी शाहूपुरीच्या घरी होती, तेव्हा २०२१ च्या पुराचं पाणी इंजिनपर्यंत चढलं होतं का? चढलं असेल तर किक मारायचीच नाही, आधी तेल काढ. तेल दुधाळ चहासारखं निघालं तर आत पाणी आहे. मग स्वस्तातलं तेल भरून, इंजिन पाच मिनिटं चालवून ते काढून टाकायचं, आणि दुधाळपणा जाईपर्यंत हेच परत.

पाणी नसेल तरी थेट किक नको. प्लग काढ, सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोड, अर्धा तास थांब आणि प्लग न लावता आठ-दहा किका सावकाश मार. सुकलेल्या सिलिंडरवर रिंगा घासल्या की ओरखडे पडतात, ते यानं टळतं. मग तेल बदल. खालचा बोल्ट १७ च्या रिंग पान्यानं निघतो. तेल १० डब्ल्यू ३०, डबा ९०० मिलीचा मिळतो, तेवढंच लागतं. डब्यावर ‘जासो एमए’ (मोटारसायकलच्या तेलाची खूण) असं बघून घे. कारचं तेल स्वस्त पडलं तरी घालू नकोस, कारण या गाडीचा क्लच त्याच तेलात बुडालेला असतो आणि कारच्या तेलातल्या घसरण वाढवणाऱ्या रसायनांनी तो सरकायला लागतो. बोल्टाखालचा वायसर नवा घाल. आवळताना अंगाचा जोर लावू नकोस. केसिंग ॲल्युमिनियमचं आहे, आटे गेले की उद्यमनगरातल्या वर्कशॉपात जाऊन इन्सर्ट, म्हणजे नव्या आट्यांची कडी, बसवून घ्यावा लागेल. तिथं ते काम चोख होतं, पण वीस रुपयांच्या वायसरपायी एवढी वरात कशाला?

काढलेलं तेल बाटलीत भरून गॅरेजवाल्याला दे, त्यांच्याकडनं ते गोळा करून नेतात. गटारीत ओतलंस तर नाल्यांतून पंचगंगेत जाईल.

खरी मेहनत कार्बोरेटरला आहे, म्हणजे इंजिनाला पेट्रोल आणि हवा मिसळून देणाऱ्या भागाला. तीन वर्षं पडलेलं पेट्रोल उडून जातं आणि मागं पिवळसर चिकट थर ठेवतं. हल्ली त्यात इथेनॉलही असतं, ते हवेतलं पाणी ओढतं, म्हणून टाकीच्या तळाशी आणि बाऊलमध्ये, म्हणजे कार्बोरेटरच्या खालच्या वाटीत, गंज दिसला तर नवल मानू नकोस. कॉक बंद कर, बाऊलच्या तळाचा स्क्रू सैल करून आतलं जुनं पेट्रोल बाटलीत घे, मग १० च्या पान्यानं दोन बोल्ट काढून कार्बोरेटर बाहेर ओढ. वरची टोपी फिरवली की स्लाइड आणि सुई ॲक्सिलेटरच्या केबलला लटकत बाहेर येतात. सुई वाकू देऊ नकोस, कापडात गुंडाळून बाजूला बांध. बाऊलचे स्क्रू हट्टी असतात. घट्ट बसणारा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन त्याच्या मुठीवर हातोडीची हलकी टिचकी मार, मग फिरव. डोकं एकदा घासलं की संपलं.

आत फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगणारा तुकडा, आहे, त्याची पिन ढकलून काढ. फ्लोटखालच्या छोट्या सुईच्या टोकावर गोल खाच पडली असेल तर सुई बदल, नाहीतर पेट्रोल ओसंडत राहतं. मग दोन जेट, म्हणजे पेट्रोल जायची भोकं असलेले पितळी स्क्रू. मोठा मेन जेट, लहान तो स्लो जेट. स्लो जेटचं भोक केसाएवढं असतं आणि दहापैकी नऊ वेळा दुखणं तिथंच असतं. उजेडाकडं धरून बघ, स्वच्छ गोल ठिपका दिसायला हवा. त्यात लोखंडी तार किंवा सुई घालू नकोस, पितळ खरवडलं की भोक कायमचं मोठं होतं. वायरीतली तांब्याची एक बारीक तार चालते. एअर स्क्रू काढण्याआधी तो पूर्ण आत फिरवून किती फेरे लागले ते लिहून ठेव, बसवताना तेवढेच उलटे. आत फिरवताना अलगद, टोकाला लागला की थांब. क्लीनरचा फवारा मारताना ओ-रिंग आणि रबरं बाजूला काढ, ती फुगतात. जोडताना स्लाइडची खाच आतल्या खुंटीवर बसली का बघ. इंजिन चालू करण्याआधी ॲक्सिलेटर पिळून सोड, ‘टक्’ असा आवाज करून तो झटकन मागं यायला पाहिजे. नाही आला तर आधी ते नीट कर. अडकलेल्या ॲक्सिलेटरनं गाडी सुरू झाली की कुत्र्यासारखी सुटते.

पुढं खुणा अशा ओळखायच्या: चोकवर चालू होते आणि चोक काढला की बंद पडते, म्हणजे स्लो जेट अजून तुंबलाय. संथ चालते पण वेग दिला की अडखळते, म्हणजे मेन जेट किंवा एअर फिल्टर बघ. खालच्या नळीतून पेट्रोल टपकतंय, म्हणजे फ्लोटची सुई. पेट्रोलची नळी आणि प्लग नवे घाल, त्यात काटकसर नको. जुन्या १०० सीसीला प्लगचं अंतर साधारण ०.६ ते ०.७ मिमी असतं, तरी गाडीचं पुस्तक असेल तर त्यातलं माप खरं धर.

टाकीत गंज असेल तर पांढरा व्हिनेगर भरून एक दिवस ठेव, मूठभर नट टाकून हलव, ओतून दे, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धू, आणि लगेच वाळवून आत थोडं तेल फिरव. ओली ठेवलीस तर रात्रीतून पुन्हा तांबडी होईल. बाथरूमचं ॲसिड घालायचा सल्ला कोणीतरी देईलच, ते पत्रा खातं.

मागचा ब्रेक उघडशील तेव्हा ड्रममधली भुकटी फुंकायची नाही. ब्रेकच्या शूवरच्या जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्यानं पूस. लायनिंग दोन मिलिमीटरच्या खाली गेलं असेल तर शू बदल, नुसतं चकाकत असेल तर १२० च्या पेपरनं घास. कॅमच्या पिनला ग्रीसचं बोट लावायचं, लायनिंगला शिंतोडाही नको. आणि चाक बसवताना ॲक्सलचा नट आवळायच्या वेळी ब्रेकचं पॅडल कुणाला तरी दाबून धरायला सांग. शू ड्रममध्ये मधोमध बसतात आणि ब्रेक एका बाजूला घासत नाही. बरेच मेकॅनिक एवढं करत नाहीत.

चेन रॉकेलनं धुवायची, पण रॉकेल आता मिळतंय कुठं, डिझेल घे. वाळल्यावर ९० नंबरचं गिअर ऑइल. ढिलाई २० ते ३० मिमी, आणि ती चाक फिरवत चेन जिथं सगळ्यात घट्ट होते तिथं मोजायची. दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेव. जोडकडीच्या क्लिपचं उघडं तोंड चेन पळते त्याच्या उलट दिशेला. चेन बदललीस तर दोन्ही चक्रंही बदल, जुन्या दातांवर नवी चेन लवकर खराब होते. टायरवर भेगा असतील तर ट्यूबसकट बदल, नक्षी कितीही शिल्लक दिसो. इंजिन चालवून बघताना शटर पूर्ण वर पाहिजे. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

आता बेंच. हे पावसात करायला हरकत नाही, कारण प्लायवूडचे थर आडवे-उभे चिकटवलेले असतात आणि ते फारसं हलत नाही. आठ बाय चारचा १८ मिमीचा एक शीट घे. गॅरेजमध्ये ओल असते, म्हणून आयएस ७१० चा, म्हणजे पाण्यात टिकणारा मरीन प्लाय, घे. आधी पाच फुटांवर आडवा काप, मग त्या पाच बाय चारचे दोन तुकडे कर, पाच बाय दोनचे. ते दोन्ही एकमेकांवर चिकटवून आणि खालून स्क्रू मारून ३६ मिमीचा टॉप होतो. उरलेल्या तीन बाय चारमधून खालचा कप्पा निघतो. करवतीचं पातं दोन-तीन मिमी खातं, ते आखताना धर, आणि आखलेल्या रेघेवर टेप लावून काप म्हणजे वरचा थर उसवत नाही.

सांगाडा लोखंडी कर. ४० मिमी चौकोनी पाइप उद्यमनगरात कापून वेल्ड करून मिळेल. उंची टॉपसकट ३४ इंच, किंवा सरळ उभा राहून हात सोडलास की मनगट येतं तेवढी. गॅरेजच्या फरशीला उतार असतो, म्हणून चारही पायांना खाली नट वेल्ड करून बोल्टाचे पाय घाल, पातळी त्यावर आणता येते. टॉप पुढून तीन इंच बाहेर काढ, शिकंजा लावायला जागा लागते. व्हाइस मात्र पायाच्या बरोब्बर वर बसव, मधे बसवलास तर ठोकताना सगळं बेंच नाचेल.

हत्यारांसाठी लक्ष्मीपुरीत जाशील तेव्हा सगळ्यात जास्त वेळ गुण्या, म्हणजे काटकोन बघायचं हत्यार, निवडण्यात घालव. दुकानातच तपासता येतो: सरळ कडेला टेकवून एक रेघ मार, गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी मार. दोन्ही एकावर एक आल्या तर घे. वर फाकल्या तर ठेव तिथंच, कंपनी कुठलीही असो. ग्राइंडरची घाई करू नकोस. रंधा आणि दोन पटाश्या घे, पाऊण इंची आणि पाव इंची.

टेबलाचा हिशेब आत्ताच करून ठेव, म्हणजे टिंबर मार्केटात कुणी टोपी घालणार नाही. लांबी फुटात, रुंदी आणि जाडी इंचात, गुणाकाराला १४४ नं भागलं की घनफूट. पाच फूट बाय तीन फूट, एक इंची टॉप म्हणजे १.२५. तीन बाय तीन इंची अडीच फुटी चार पाय म्हणजे ०.६२. टॉपखालच्या चार इंची पट्ट्या ०.३९. बेरीज सव्वादोनच्या आसपास, पण एक इंच तयार हवा तर सव्वा इंची फळी रंधावी लागते आणि टोकं तडकलेली असतात, म्हणून तीन घनफूट धर. सीझन केलेलं म्हणून दिलं तरी ओलावा मोजायचं छोटं मीटर लावून बघ, १२ टक्क्यांच्या वर असेल तर घासाघीस कर किंवा सोड. आणलेल्या फळ्या मधे रिपा ठेवून हवेशीर रच आणि महिनाभर हात लावू नकोस.

उंची ३० इंच. त्यातून एक इंच टॉप आणि चार इंच पट्टी गेली की गुडघ्यांना २५ इंच उरतात, ते पुरतात. पाय आणि पट्टी कुसू-खाचेनं जोड, पण टॉप पट्टीला चिकटवू नकोस. एल अँगलला आडवी लांबट भोकं पाड आणि स्क्रू त्यातून मार, म्हणजे टॉप रुंदीत हलायला मोकळा. चिकटवलास तर पहिल्या उन्हाळ्यात मधोमध चिरणार. पितळी स्क्रू सागवानात तुटतात, म्हणून तीन मिमीचं भोक पाडून आधी लोखंडी स्क्रू घालून काढ, मग पितळी, आट्याला साबण लावून. पेपर ८०, १२०, १८०, २२० असा, रेषेच्या दिशेनं. लाखेचं पॉलिश करायचं तर एक लिटर स्पिरिटला साधारण २५० ग्रॅम चपडी लाख, रात्रभर भिजवून गाळलेली. त्याऐवजी जवसाचं तेल लावायचं ठरवलंस तर तेलकट फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नकोस. ती आपोआप तापून पेट घेतात. बाहेर पसरून वाळव, मग टाक.

जेवायच्या खोलीची लांबी-रुंदी, दार कुठं उघडतं ते, आणि रोज कितीजण बसणार एवढं कळव. पाच बाय तीन बसतंय का ते बघून मी घनफूट पुन्हा काढून पाठवतो. आणि गाडीचं मॉडेल कुठल्या सालचं तेही आरसी बुकात बघून लिही, कार्बोरेटरचं किट त्यावरनं ठरतं. काका-काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
रणजित