फुलांचा चढ

रोम, सोमवार रात्र

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

आई, मघाशी फोनवर तू विचारलंस, आवाज बसलाय का. बसलाय, ओरडून ओरडून. का, ते लिहूनच सांगते. फोनवर बाबा मध्येच 'तिकडे पाऊस आहे का' विचारतात.

शुक्रवारपासून गेन्झानोला होते. रोमच्या दक्षिणेला डोंगरावरचं गाव, आमच्या घरमालकीणबाईंचं माहेर. तिथे कॉर्पस ख्रिस्तीला, म्हणजे ख्रिस्तदेहाच्या सणाला, चर्चकडे चढत जाणारा अख्खा रस्ता फुलांच्या पाकळ्यांनी चितारतात. १७७८ पासून. सुमारे २००० चौरस मीटर! बाबा, तुम्ही हिशेब करत बसाल म्हणून मीच केला: आपल्यासारखी पस्तीसेक घरं.

पाकळ्या ठेवतात नगरपालिकेखालच्या गार भुयारात. बायका टेबलाभोवती बसून कार्नेशनच्या पाकळ्या काढत होत्या, तू मटार सोलतेस तश्शा: गप्पा चालू, नजर भलतीकडे, हात थांबत नाहीत. मलाही बसवलं. हिरव्या रंगाला रानबडीशेप लागते. तिची जुडी हातात घेतली आणि आपल्या जेवणानंतरच्या डबीचा वास आला. थोडा वेळ मान वर केली नाही.

शनिवारी खडूने चित्रं आखली, मग रात्रभर भरली. रविवारी संध्याकाळी मिरवणूक तेवढी त्यावरून गेली. पाव हा ख्रिस्ताचाच देह, अशी यांची श्रद्धा. तो घेऊन धर्मगुरू फुलांवरून चालतात. बाकी कुणी पाऊल टाकत नाही.

आणि आज? गावातली पोरं चर्चच्या पायऱ्यांवर जमली, इशारा झाला, आणि सगळी उतारावरून जी सुटली! रंगांचा नुसता चिखल. म्हाताऱ्या टाळ्या वाजवत होत्या, मीही ओरडत होते.

लहानपणी पेपरवाल्याची सायकल आपल्या दिवाळीच्या रांगोळीवरून गेली तेव्हा मी केवढं रडले होते. दुसऱ्या दिवशी बाबा खुर्ची टाकून राखणीला बसले. पण पालखीपुढची रांगोळी वारकऱ्यांनी तुडवली तेव्हाही मी रडायला लागले, तर आई, तू म्हणालीस, 'अगं, ती चालण्यासाठीच काढली होती.' तेव्हा पटलं नव्हतं.

पुढच्या जूनमध्ये दोघं या. चढ आहे, पण बाबांना खालीच खुर्ची मिळेल. पासपोर्टची मुदत कधी संपते, तेवढं बघून कळवा.

तुमची,
धाकटी