कार्बन फायबर चाकावर टायर चढवताना झालेल्या नुकसानीबद्दल तक्रार

दिनांक : 7 जुलै 2025
सातारा

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : कार्बन चाकाच्या कडेला पडलेल्या खाचा, चुकीच्या मापाचा जुना टायर आणि नाकारलेली वॉरंटी याबाबत.

महोदय,

आपल्या पुण्याच्या वर्कशॉपमध्ये 14 जून रोजी माझ्या ट्रायम्फ स्ट्रीट ट्रिपल मोटारसायकलला कार्बन फायबरची दोन चाके आणि नवे टायर बसवून घेतले. फक्त चाकांचेच 2 लाख 85 हजार रुपये झाले. निम्मी रक्कम फेब्रुवारीत आगाऊ भरली आणि चार महिने वाट पाहिली. उशिराबद्दल माझे काहीच म्हणणे नाही, माल परदेशातून यायचा होता. तक्रार आहे ती माल आल्यानंतर आपल्याच वर्कशॉपमध्ये त्याचे जे झाले त्याची.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी पुसताना मागच्या चाकाच्या डाव्या कडेला बोट अडकले. बॅटरी लावून पाहिले तर व्हॉल्व्हपासून वीतभर अंतरावर, एकमेकींच्या शेजारी दोन खाचा. एक सुमारे 8 मिलिमीटरची, दुसरी तिच्याहून मोठी. मोठ्या खाचेत वरचा पारदर्शक थर उडून आतले काळे धागे मोकळे झाले आहेत. दोन्हींचा आकार टॉमीच्या, म्हणजे टायर चढवायच्या लोखंडी पट्टीच्या, टोकाशी तंतोतंत जुळतो. टायर चढवताना मी समोर नव्हतो, कारण ग्राहकाला आत सोडत नाही असे सांगून मला काचेबाहेर बसवले होते. गाडी तिथून थेट घरी आली आणि दारात उभी राहिली. वाटेत चाक कुठेही आपटलेले नाही. मशीनच्या पकडीला प्लास्टिकची टोपणे आणि कडेला संरक्षक पट्टी लावली असती, टायरच्या बीडला, म्हणजे रिमवर बसणाऱ्या त्याच्या कडेला, साबणाचे पाणी नीट फासले असते, तर कार्बनच्या कडेवर उघडे लोखंड टेकायची वेळच आली नसती.

आपल्या कार्यालयातून फोनवर उत्तर मिळाले, "वरवरचं आहे, पॉलिश करून देतो." हे उत्तर मला मान्य नाही. मी सातारच्या एमआयडीसीत पंचवीस वर्षे लेथवर काम केले आहे, आता माझा स्वतःचा छोटा कारखाना आहे. अ‍ॅल्युमिनियमचे रिम खड्ड्यात आपटले तर वाकते, आउट होते, हँडलला थरथर येते, म्हणजे गाडी आधी कळवते. कार्बन वाकत नाही. राळेत बसवलेल्या धाग्यांचे थर आतून एकमेकांपासून सुटू शकतात आणि वरून चाक जसेच्या तसे दिसत राहते. विमानाचे असे भाग तपासताना नाण्याने हलके ठोकून आवाज ऐकतात. थर जिथे सुटला असेल तिथे आवाज बद्द येतो. मोठ्या खाचेजवळ मला आवाजात फरक वाटला. माझ्या कानाला मी प्रयोगशाळा म्हणत नाही, म्हणूनच अल्ट्रासाउंड तपासणी मागतो आहे.

शिवाय खाच आरीवर किंवा हबजवळ नाही, कडेला आहे. टायरचा बीड तिथेच टेकतो आणि आतली हवा ती कडा सतत बाहेर ढकलत असते. तिथले धागे तुटले असतील तर पॉलिशने ते सांधले जात नाहीत, नुसते झाकले जातात. आणि झाकलेली खाच उघड्या खाचेपेक्षा मला जास्त भीतीची वाटते. रविवारी माझी मुलगी मागे बसते. रात्री 42 भरलेली हवा सकाळी 37 वर आलेली मी सलग तीन दिवस पाहिली. ती व्हॉल्व्हमधून जाते की कडेतून, हे शोधणे आपले काम आहे.

आता टायर. बिलावर मागचा टायर 180/55 झेडआर 17 छापला आहे. गाडीवर 190/50 चढवलेला आहे. विचारल्यावर तंत्रज्ञ म्हणाला, साठ्यात नव्हता म्हणून मोठा टाकला, तेवढाच अपग्रेड. माझे मागचे रिम साडेपाच इंचांचे आहे आणि कंपनीने त्यासाठी 180/55 हेच माप दिले आहे. 190 चा टायर मुळात सहा इंची रिम धरून आखतात. साडेपाचवर तो चढतो, पण त्याच्या बाजू आत ओढल्या जातात आणि माथ्याचा मूळ आकार बदलतो. उंचीचा हिशेब तर शाळेतला आहे, पहिला आकडा टायरची मिलिमीटरमधली रुंदी आणि दुसरा त्या रुंदीच्या टक्क्यांत उंची. 180 चे 55 टक्के म्हणजे 99 मिलिमीटर, 190 चे 50 टक्के म्हणजे 95. गाडीची मागची बाजू 4 मिलिमीटर खाली बसली. मागून बसलेली गाडी वळणात शिरायला आळस करते.

मी हलकी चाके घेतली ती नेमकी याच्या उलट गोष्टीसाठी. वजन आसापासून दुप्पट लांब गेले की फिरवायला चौपट भारी पडते, म्हणून रिमच्या कडेवरून कमी झालेला एकेक ग्रॅम मोलाचा. सस्पेन्शनच्या खालचे वजन उतरले की चाक खड्ड्याखळग्यांवर रस्ता सोडत नाही आणि गाडी कलवताना हाताला जोर लागत नाही. ज्यासाठी मी दोन वर्षे पैसे साठवले ते एवढेच. 15 जूनला वाईहून पसरणी घाट चढलो. पुढच्या चाकाचा हलकेपणा पहिल्याच वळणावर जाणवला, तो खरोखर सुंदर आहे आणि ते मी मोकळेपणाने लिहितो. पण मागून गाडी प्रत्येक वळणात दाबून आत घालावी लागत होती. जुन्या चाकांवरही ती एवढी जड वळत नव्हती.

टायरची जातही मी मागितली होती ती नाही. ऑर्डर देताना मी स्पष्ट लिहिले होते की गाडी पावसात चालते, स्पोर्ट टूरिंग टायर द्या, पाणी काढणाऱ्या खोल खाचांचा आणि थंड रस्त्यावरही पकड देणारा. आपण ट्रॅककडे झुकणारा टायर दिला. तो तापल्याशिवाय धरत नाही आणि जूनच्या घाटात तापत नाही. त्याच्या बाजूवर तारखेचे चार आकडे 0921 आहेत, म्हणजे तो 2021 च्या नवव्या आठवड्यात तयार झाला. चार वर्षांहून जुना टायर मला नवा म्हणून, पूर्ण किमतीला विकला गेला.

या सगळ्यावर 24 जूनला आपली ईमेल आली की टायर बसवताना झालेले नुकसान वॉरंटीत येत नाही. हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. टायर आपणच बसवला, बसवणीचे पैसे आपणच घेतले, तशी नोंद आपल्याच बिलावर आहे. ती अट, ग्राहकाने कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे टायर बदलला तर लागू व्हावी. आपल्या कारागिराच्या हातून झालेली चूक माझ्या खात्यावर टाकण्यासाठी ती नाही.

त्यामुळे माझी मागणी अशी. मागचे चाक उत्पादकाकडे किंवा कार्बन फायबरसारखे कंपोझिट तपासणाऱ्या प्रयोगशाळेत आपल्या खर्चाने पाठवावे आणि अहवालाची प्रत मला द्यावी. धाग्यांना धक्का पोचला असेल तर चाक बदलून द्यावे. पोचला नसेल तर हे चाक रस्त्यावर वापरण्यास सुरक्षित आहे, असे सहीशिक्क्यानिशी लिहून द्यावे. फोनवरचा शब्द मी यापुढे धरणार नाही. मागचा टायर 180/55 मापाचा, स्पोर्ट टूरिंग जातीचा, गेल्या वर्षभरात तयार झालेला द्यावा आणि तो माझ्यासमोर चढवावा.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न मिळाल्यास 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून, ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार साताऱ्याच्या जिल्हा आयोगाकडे दाद मागेन. राहत्या जिल्ह्यात तक्रार करण्याची सोय या कायद्यात आहे. तशी वेळ येऊ नये ही मनापासून इच्छा आहे, कारण चाके मला हवी आहेत.

गाडीवर सध्या जुनी अ‍ॅल्युमिनियमची चाके चढवली आहेत. कार्बनचे मागचे चाक टायरची हवा काढून, आपल्याच पेटीत, खाचेची बाजू वर ठेवून बांधले आहे. खाचांचे आणि तारखेच्या आकड्यांचे फोटो, बिल आणि 24 जूनची ईमेल सोबत जोडली आहे. कोणत्या दिवशी आणायचे ते कळवा, मी स्वतः घेऊन येतो.

आपला,
एक ग्राहक, सातारा